अठरा वर्षांची, तीन लाख किलोमीटरच्या जवळ आलेली कॅम्पर व्हॅन: घ्यायची की सोडायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८ वर्षं जुनी, २,९०,००० किलोमीटर चाललेली, उंच छपराची डिझेल व्हॅन. आधी मालवाहू होती, मग मालकाने स्वतः आत पलंग, ओटा, गॅस, फ्रिज आणि दुसरी बॅटरी बसवली. किंमत आवाक्यात आहे, गाडी दिसायला नीटनेटकी आहे, पण मीटरवरचा आकडा बघून धीर होत नाही. घ्यावी का?

आधी त्या आकड्याची भीती जागेवर आणू. २,९०,००० भागिले १८ म्हणजे वर्षाला सरासरी १६ हजार किलोमीटर. डिझेल व्हॅनसाठी हे फार नाही. शिवाय किलोमीटर सगळे सारखे नसतात. लांब पल्ल्यावर ताशी सरासरी ७० ने चाललेल्या गाडीचं इंजिन एवढ्या अंतरात साधारण ४,१०० तास फिरलेलं असतं. तेच अंतर गल्लीबोळात पार्सलं वाटत, ताशी सरासरी २५ ने कापलं असेल तर ११,६०० तास होतात. त्यात हजारो वेळा सेल्फ मारणं, क्लच दाबणं, सरकता दरवाजा आपटणं हेही येतं. म्हणून "किती चालली" याच्याआधी "कुठे आणि कशी चालली" हे विचारा. उत्तर गाडीच्या अंगावरच असतं: ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबून फाटली आहे का, सरकत्या दाराची खालची रूळपट्टी आणि चाक किती झिजलंय, पॅडलच्या रबराची नक्षी उरली आहे का.

मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. जुन्या कॅम्परमधले दोष दोन जातींचे असतात. एक, पैसे आणि आठवडाभर गॅरेज दिलं की संपणारे: क्लच, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबणारं यंत्र), नोझल (डिझेल फवारणारं तोंड), शॉकअप, टायर, बॅटरी, फ्रिज, अगदी अख्खं इंजिनसुद्धा. दुसरे, कितीही पैसे ओतले तरी पुरते न संपणारे: कुजलेला सांगाडा, वर्षानुवर्षं पाणी मुरलेल्या भिंती, कागदावर वजन उरलेलंच नसणं, नोंदणीतला घोळ. किलोमीटरचा संबंध बहुतेक पहिल्या जातीशी येतो, वयाचा आणि पाण्याचा दुसऱ्या जातीशी. माझा कल स्पष्ट आहे. चार लाख किलोमीटर चाललेली पण कोरडी, गंजमुक्त व्हॅन मी घ्यायला सांगेन. ८० हजार चाललेली आणि दहा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली व्हॅन घेऊ नका म्हणेन. तपासणीचा क्रमही त्याप्रमाणेच ठेवा, आधी पत्रा आणि पाणी, मग वजन आणि कागद, इंजिन शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात. इंजिन गोड वाजलं की मन तिथेच बसतं आणि मग खालचा गंज दिसूनही दिसत नाही.

पत्रा आणि पाणी

सोबत न्यायच्या वस्तू: प्रखर टॉर्च, छोटा आरसा, लोहचुंबक, दोन टोकं टोचून लाकडातली ओल मोजणारं मीटर, मल्टिमीटर, गाडीच्या संगणकातले कोड वाचणारं यंत्र, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, खाली झोपायला चटई. वेळ किमान तीन तास, दिवसाउजेडी. गाडी नुकतीच धुतलेली किंवा पावसात भिजलेली असेल तर रंगाखाली भरलेली लांबी (पुटी) आणि डाग लपतात; मात्र पाऊस थांबल्यावर आतली गळती शोधणं सोपं जातं. जमलं तर दोन्ही वेळा पाहा.

गंज कुठे शोधायचा? दारांखालची पेटीसारखी पट्टी, चाकांवरच्या कमानींची आतली बाजू, जॅक लावायच्या जागा, पाटे किंवा स्प्रिंग जिथे चेसिसला धरतात ते कान, पुढच्या काचेची खालची कड, छपराच्या पन्हळी, मागच्या दारांचे खालचे कोपरे. मुठीने ठोकत जा. सकस पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. चुंबक चिकटत नसेल तिथे लांबी भरलेली आहे. बाहेर दिसणारे बुडबुडे आतल्या गंजाचं टोक असतात, कारण पत्रा आतून बाहेर कुजत येतो. दाराच्या पत्र्यावरचा गंज कुरूप असतो, पण घातक नसतो. जॅकची जागा, पाट्यांचे कान, सीटबेल्टच्या बोल्टभोवतीचा पत्रा आणि स्टिअरिंग बॉक्सच्या आसपासचा भाग हे वजन पेलणारे भाग आहेत. तिथे स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर वेल्डिंगचा खर्च काढल्याशिवाय पुढे बोलू नका. आणि खालून नुकताच काळाकुट्ट डांबरी थर मारलेला दिसला तर जास्त सावध व्हा. कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर तो थर संरक्षण देतो. गंजावर मारला तर ओल आत कोंडून गंज वाढवतो, आणि तुम्हाला काही दिसू देत नाही.

मालवाहूची कॅम्पर करताना पत्र्याला नव्या जखमा होतात आणि घरगुती कामात त्या नेमक्या दुर्लक्षिल्या जातात. खिडक्या, छतावरचा पंखा, धुरांडं, पाणी भरायचं तोंड, बाहेरच्या विजेचं सॉकेट यांसाठी पत्रा कापावा लागतो. कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग लावला नसेल तर तीन-चार वर्षांत तिथून गंजाची तपकिरी रेघ खाली उतरते. प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ती रेघ शोधा. भोकं कशाने बंद केली आहेत तेही पाहा. स्वयंपाकघरात वापरायचं साधं सिलिकॉन लावलं असेल तर ते हलत्या पत्र्यावर टिकत नाही आणि नंतर त्यावर दुसरं काही चिकटतही नाही. ब्यूटाइलची पट्टी किंवा पॉलियुरेथेनचं सीलंट योग्य. तेही दहा-पंधरा वर्षांत कडक होऊन तडकतं.

तुमच्या गाडीचं उंच छप्पर नंतर बसवलेलं फायबरचं असेल तर फायबर आणि पत्रा जिथे भेटतात तो पूर्ण जोड बोटाने चाचपा. दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, त्यामुळे हा जोड सतत ओढला जातो. आत या जोडाखालच्या कपाटांचे मागचे कोपरे बघायचे. ओल मोजायचं मीटर लाकडात टोचा. १५ टक्क्यांपर्यंत काळजी नको. १५ ते २० मध्ये लक्ष ठेवा आणि आसपास आणखी ठिकाणी मोजा. २० च्या वर पाणी कुठून तरी येतंय हे नक्की. ३० च्या आसपास लाकूड कुजायला लागलेलं असतं. मीटरची टोकं चंदेरी इन्सुलेशनला लागली तर आकडा खोटा येतो, म्हणून एकाच जागेवर विसंबू नका. नाकही वापरा. दारं-खिडक्या अर्धा तास बंद ठेवायला सांगा, मग आत शिरा आणि पहिला श्वास घ्या. सुवासिक फवारा मारलेला असेल तर का मारला ते विचारा.

भिंतीच्या आत काय भरलंय हा पुढचा प्रश्न. काचलोकर किंवा कापसासारखं काही असेल तर श्वासातली वाफ थंड पत्र्यावर जमून ते ओलं राहतं आणि पत्रा मागून गंजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पत्र्याला चिकटलेला बंद पेशींचा फोम चांगला. फवारून भरलेला फोम पत्र्याचे निचऱ्याचे मार्ग बुजवतो, शिवाय जास्त भरला असेल तर बाहेरचा पत्रा लाटांसारखा दिसतो. बाजूने तिरकी नजर टाकली की कळतं. एखादं पॅनेल दोन स्क्रू काढून पाहू द्याल का, असं विचारा. स्वतः काम केलेला आणि त्याचा अभिमान असलेला मालक आनंदाने दाखवतो. कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटोही त्याच्याकडे असतात, तेही मागा. हे फोटो सर्व्हिसच्या पावत्यांइतकेच मोलाचे.

(पत्र्याची व्हॅन नसून मागे लाकडी चौकटीवर पातळ ॲल्युमिनियम चिकटवलेली खोली असेल तर ओलीचा धोका याच्या दुप्पट धरा. तिथे भिंत हाताने दाबून पाहायची. स्पंजासारखी लागली किंवा फुगवटा आला असेल तर आतलं लाकूड गेलेलं आहे आणि ती दुरुस्ती गाडीच्या किमतीलाही भारी पडू शकते.)

वजन: न विचारला जाणारा प्रश्न

घरगुती कॅम्परमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते. गाडीच्या पाटीवर एकूण कमाल वजन लिहिलेलं असतं, या वर्गातल्या बऱ्याच व्हॅनना ते ३,५०० किलो असतं, कारण अनेक देशांत साध्या परवान्यावर तेवढंच चालवता येतं. जाड प्लायवूड, लाकडी पट्ट्यांचं छत, दगडासारखा ओटा, दोन मोठ्या बॅटऱ्या यांनी गाडी रिकामीच जड होते. म्हणून वजनकाट्यावर नेल्याशिवाय निर्णय घेऊ नका. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त पुढची चाकं, एकदा फक्त मागची.

समजा टाकी भरून, माणूस न बसता काटा ३,०६० दाखवतो. उरले ४४०. दोन माणसं १५०, शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो, दोन भरलेले लोखंडी गॅस सिलिंडर ४५, कपडे-भांडी-किराणा ८०, बाहेरची कनात आणि टेबल-खुर्च्या ५०. झाले ४२५. हातात १५ किलो उरले, म्हणजे एक सायकलसुद्धा नाही. तीन-चार जणांचं कुटुंब असेल तर ही गाडी पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर जाते. अपघात झाल्यावर विमा कंपनी हाच आकडा काढते.

एक्सलवरचा भार स्वतंत्रपणे तपासायचा असतो, आणि इथे तरफेचा नियम लागतो. मागच्या एक्सलपासून २ मीटर मागे लटकवलेला ६० किलोचा सायकल-रॅक, दोन एक्सलमधलं अंतर ३.५ मीटर. मागच्या एक्सलवर येणारा भार ६० × ५.५ ÷ ३.५, म्हणजे सुमारे ९४ किलो. पुढचा एक्सल उलट ३४ किलोंनी हलका होतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ओल्या गवतावर तिची चाकं जागच्या जागी फिरणार. मागे भार जास्त झाला की पाटे सपाट होतात, टायर तापतात. सपाट जागेवर चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची डावीकडे आणि उजवीकडे मोजा. २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एकतर पाटा थकलाय किंवा आतली मांडणी एका बाजूला कलली आहे.

कागदांचं काम रुक्ष आहे, पण अर्ध्या तासात आटपतं. चेसिस नंबर पाटीवर, पत्र्यावर आणि नोंदणीत एकच आहे ना. नोंदणीत गाडी अजून मालवाहूच आहे की कॅम्पर म्हणून बदललेली. बसायच्या जागा किती लिहिल्या आहेत. कर्ज फिटलंय का. विम्याला गॅस आणि विजेच्या कामाचा दाखला लागतो का. जुन्या डिझेलला ज्या शहरांत प्रवेश नाही तिथे तुम्हाला जायचंय का. मागे लाकडी बाकाला नुसता सीटबेल्ट ठोकलेला दिसला तर ती बसायची जागा धरू नका. धडकेत माणसाचं वजन कित्येक पटींनी बेल्टवर येतं, लाकडातले स्क्रू ते झेलू शकत नाहीत. मुलांना तिथे बसवायचा विचारही करू नका.

मीटर मागे फिरवलंय का, हे कागदांच्या तारखांवरून जुळवा. वार्षिक तपासणीचे दाखले, टायर-तेलाच्या पावत्या, प्रत्येकावर किलोमीटर असतात. ते एका रांगेत लिहा. चढता क्रम कुठे मोडतो का बघा. २०२१ ला १,४०,००० आणि २०१८ ला १,९०,००० असं काही निघालं तर गाडी कितीही आवडली तरी तिथेच निरोप घ्या.

आता इंजिन

जायच्या आधी मालकाला सांगा, इंजिन गार ठेवा. पोहोचल्यावर आधी बॉनेट उघडून हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाच खरं बोलतं. डिझेल थंडीत दोन-तीन सेकंदांत पकडायला हवं. सुरुवातीचा थोडा पांढुरका धूर विरून जातो, त्याची चिंता नको. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर गोड वासासह येत राहिला तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे तेल जळतंय, रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो. पिकअप घेताना काळा भपका म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त होतंय. फाटलेला टर्बोचा पाइप हे त्याचं नेहमीचं आणि स्वस्त कारण, आधी तेच तपासा.

इंजिन चालू असताना तेल ओतायचं झाकण उघडा. हलकी वाफ चालते. भकाभका हवा मारत असेल, झाकण उडत असेल तर सिलिंडर आणि रिंग झिजल्यात. सुरू केल्यावर दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच, रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागातल्या सीलमधून) वायू पाण्यात शिरतोय. झाकणाखाली सायीसारखा पिवळसर थर दिसला तर घाई करू नका. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या थंड इंजिनात तो वाफेनेही जमतो. तेलाची कांडी काढून पाहा. तिथेही तेल दुधाळ असेल तरच पाणी मिसळल्याचं धरा. हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल खाणं या वयात मी मान्य करेन. लिटरच्या पुढे गेलं तर किंमत इंजिनदुरुस्तीच्या हिशोबाने मागा.

टायमिंग बेल्टबाबत (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) "बदललाय" हा शब्द पुरावा नाही. तारीख, किलोमीटर आणि पाण्याचा पंप सोबत बदलल्याची पावती हा पुरावा. बेल्टला किलोमीटरची मुदत असते तशी वर्षांचीही असते, कारण रबर उभ्या गाडीतही वाळतं. कॅम्पर वर्षाला पाच-सहा हजारच चालते, म्हणून किलोमीटर पुरे झाले नाहीत तरी वर्षं उलटून गेलेली असतात. बहुतेक डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन आदळतात. पावती नसेल तर बेल्ट, टेन्शनर, पुली आणि पंप या सगळ्यांचा खर्च किमतीतून वजा करा आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम तेच करा.

कोड वाचणारं यंत्र लावल्यावर "कोड नाहीत" एवढ्यावर समाधान मानू नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बऱ्याच यंत्रांत दिसतं. तो आकडा १२ किलोमीटर असेल तर कुणीतरी आज सकाळीच पाटी कोरी केली आहे. धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असलेली गाडी असेल तर तो किती भरलाय तेही वाचा. काजळी लांब फेरीत जळून जाते, पण तेलातून आलेली राख जळत नाही, ती साठतच राहते. तीन लाखांच्या जवळ मूळ फिल्टर असेल तर तो राखेने भरत आलेला असतो. फिल्टर कापून रिकामा केलेला असेल तर अनेक देशांत ती गाडी तपासणीतच नापास होते.

चाचणीफेरी चाळीस मिनिटांची हवी, त्यात चढ आणि मोकळा रस्ता दोन्ही. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४५ च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. इंजिन बंद करताना खडखड करून गाडी हादरली तर दुहेरी फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं, धक्के शोषणारं जड चाक) थकलंय. ते क्लचसोबतच बदलायचं असतं आणि एकट्या क्लच-प्लेटपेक्षा त्याला बराच जास्त पैसा लागतो. दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो का. वळणावर एका बाजूने गुणगुण वाढते का. वाढली तर चाकाचं बेअरिंग. हात सैल सोडल्यावर, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का. उभ्या राहणाऱ्या गाडीत ब्रेकच्या कॅलिपरच्या सरकपिना गंजून अडकतात, म्हणून फेरीनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये.

टायरच्या कडेला चार अंकी शिक्का असतो. २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. कॅम्परचे टायर नक्षी झिजून नाही, वय होऊन मरतात. सात वर्षांच्या पुढचे असतील तर नक्षी नवी दिसली तरी सहाही (दुहेरी मागची चाकं असतील तर) बदलायच्या हिशोबात घ्या. भार क्षमतेचा आकडाही गाडीच्या पाटीशी जुळवा. साध्या मोटारीचे टायर चढवलेले सापडतात.

काही मॉडेलांची दुखणी ठरलेली आहेत, ती आधीच माहीत असलेली बरी. १९९५ ते २००६ च्या पहिल्या पिढीतल्या मर्सिडीज स्प्रिंटरचं इंजिन दणकट, पण पत्रा जागोजागी गंजतो. तिच्या कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनांत नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरमधून वायू गळून भोवती डांबरासारखा काळा थर साचतो; वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून बघा. २००६ नंतर आलेल्या फियाट ड्युकाटो आणि तिच्या प्यूजो-सिट्रोएन भावंडांत काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी इंजिनावर ठिबकतं, नोझल गंजून अडकतात. तसंच रिव्हर्समध्ये चढावर गाडी धडधडते का, तेही पाहावं. फोक्सवॅगन टी-५ चं २००९ नंतरचं १८० अश्वशक्तीचं दोन टर्बोंचं इंजिन जास्त तेल खाण्यासाठी ओळखलं जातं. धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेच्या कूलरमधून सुटलेले कण सिलिंडरात जातात हे त्याचं कारण. फोर्ड ट्रान्झिटच्या २०१६ पासूनच्या दोन लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो, म्हणून योग्य प्रतीचं तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या तिथे अनिवार्य समजा.

आतलं घर

इथले बहुतेक दोष पहिल्या जातीचे, पण गॅस आणि वीज जिवाशी खेळतात. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं आणि तो कप्पा राहत्या भागापासून बंद हवा. भोक रंगाने, चटईने किंवा "थंडी येते" म्हणून कापडाने बुजवलेलं असेल तर तेवढ्यावरून पुढच्या सगळ्या गॅसकामाबद्दल शंका घ्या. रबरी नळीवर छापलेली तारीख वाचा. साबणाच्या पाण्याने सांधे तपासा आणि खरेदीनंतर दाबमापक लावून जाणत्या माणसाकडून गळती चाचणी करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि त्याची मुदत संपली आहे का, तेही बघा.

गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर मालकाला आदल्या रात्रीच सुरू करायला सांगा. तो गार व्हायला तासन्‌तास घेतो, तुमच्यासमोर अर्ध्या तासात काही सिद्ध होत नाही. मागच्या जाळीतून डोकावल्यावर पिवळी पूड आणि अमोनियाचा झोंबणारा वास आला तर त्याचं शीतयंत्र संपलंय. पाण्याचा पंप सगळे नळ बंद असताना मधूनच टुक-टुक वाजत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय, आणि तो थेंब फरशीखालच्या प्लायवूडमध्ये चाललाय. इथे पुन्हा ओल मोजायचं मीटर बाहेर काढा.

दुसरी बॅटरी दोन-तीन तास काही न चालवता ठेवली तर शिशाच्या बॅटरीला १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. हा आकडा फसवा असू शकतो. दिवे, पंखा, पंप एकदम लावून दहा मिनिटांनी परत मोजा. धाडकन ११ च्या घरात आली तर बॅटरी गेली. इंजिन चालू केल्यावर दुसऱ्या बॅटरीवर व्होल्ट १३.८ ते १४.४ पर्यंत चढायला हवेत, नाहीतर चार्ज तिच्यापर्यंत पोहोचत नाहीये. वायरिंगची परीक्षा फ्यूजवरून करा. बॅटरीच्या धन टोकापासून काही इंचांतच मुख्य फ्यूज हवा. तो नसेल तर पत्र्याच्या कडेवर घासून सोललेली एक वायर आग लावायला पुरे. २,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १६५ अँपिअरहून जास्त ओढतो. त्याला करंगळीपेक्षा बारीक केबल लावलेली दिसली तर ज्याने काम केलं त्याला हिशोब येत नव्हता, हे समजून पूर्ण वायरिंग नव्याने करायचा खर्च धरा.

हिशोब आणि सौदा

सापडलेलं सगळं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक दुखण्यापुढे गॅरेजचा खरा भाव लिहा, फोनवर विचारलेला. मागितलेली किंमत, लगेच करायची कामं आणि हाताशी ठेवायची रक्कम, या तिन्हींची बेरीज म्हणजे गाडीची तुमच्यासाठी किंमत. हाताशी किती ठेवायचे? तीन लाखांजवळच्या डिझेलसाठी, फ्लायव्हीलसह क्लच आणि एक टर्बो, दोन्हींची मजुरीसह जी रक्कम होते तेवढी. ती नसेल तर स्वस्त गाडीही परवडणारी नाही. बेरीज निम्म्या किलोमीटरच्या तशाच गाडीच्या किमतीला टेकत असेल तर ती दुसरी गाडी पाहा. आतल्या सजावटीला मालकाने किती खर्च केला, हे सौद्यात धरायचं नाही. तुम्हाला पलंगाची लांबी पुरत नसेल तर त्याचं सुंदर सुतारकाम तुमच्यासाठी फक्त वजन आहे. तिथे प्रत्यक्ष झोपून पाहा, दोघं असाल तर दोघं.

तुमच्या गाडीबद्दल मी असं ठरवेन. वजन पेलणाऱ्या पत्र्यात गंज नाही, ओल २० च्या आत, वजनकाट्यावर तुमच्या कुटुंबासाठी पुरेसे किलो उरतात, पावत्यांचा क्रम सरळ: या चारही गोष्टी जमल्या तर २,९०,००० चा आकडा फक्त भाव पाडायला वापरा आणि घ्या. टर्बो शिट्टी मारतोय, क्लच शेवटाला आलाय, टायर जुने आहेत, हे सगळं असूनही घ्या, तेवढे पैसे कापून. चारपैकी एक जरी मोडलं तर इंजिन नवं टाकलेलं असलं तरी नको.

घेतलीत तर ताबा मिळाल्याच्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला, पावती नसल्यास टायमिंग बेल्टही. डिझेल फिल्टर कापून आत काळा, बुळबुळीत चिखल आहे का ते पाहा. बराच काळ उभ्या गाडीच्या टाकीत जंतू वाढतात आणि पहिल्या लांब चढावर फिल्टर तुंबून गाडी बंद पडते. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दर दोनशेला तेलाची कांडी आणि कूलंटची पातळी पाहून लिहून ठेवा, आणि पहिला मुक्काम घरापासून तासाभराच्या अंतरावरच करा.